मूळ चित्र आणि छापील प्रत : राजा रविवर्मा यांचा निर्णय



चित्रकलेच्या वाटेने गेलेल्या तरुणांना एक प्रश्न हटकून पडतो. आपल्या चित्राच्या छापील प्रती काढून विकाव्यात काय? तसे केल्याने मूळ चित्राचे मोल उणावेल काय? आजच्या स्मृतिव्याख्यानासाठी मी हाच विषय निवडला, कारण हा प्रश्न राजा रविवर्मा यांच्यापुढेही उभा राहिला होता आणि त्यांच्या उत्तराचा परिणाम आपल्या घराघरांत पोहोचला आहे.

या कथेच्या आरंभी एक मराठी गृहस्थ भेटतात. तंजावरकडील मराठी घराण्यातले सर टी. माधवराव हे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाण होते. १८८४ साली त्यांनी रविवर्मांना पत्र लिहून सुचविले की, आपली चित्रे हवी असणारे पुष्कळ आहेत, पण आपले हात दोनच. तेव्हा निवडक चित्रे युरोपात पाठवून त्यांच्या रंगीत प्रती छापवून घ्याव्यात. त्यात कीर्तीही आहे आणि देशसेवाही आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

रविवर्मांनी घाई केली नाही. सयाजीराव गायकवाडांसाठी काढलेली चौदा पौराणिक चित्रे लक्ष्मीविलास राजवाड्यात जाण्यापूर्वी लोकांना दाखविण्यात आली, तेव्हा ती पाहण्यास गर्दी लोटली. त्यानंतर ती राजवाड्याची झाली. सामान्य माणसाला अशी चित्रे घरी नेता येतील, याचा मार्ग एकच होता. १८९४ साली रविवर्मांनी मुंबईत स्वतःचा छापखाना काढला. ‘शकुंतलाजन्म’ हे तेथून निघालेले पहिले चित्र होय. पुण्याच्या चित्रशाळेने १८७८ पासून रंगीत चित्रे छापून वाट घालून दिलीच होती. परंतु नामांकित चित्रकाराने आपल्याच चित्रांसाठी छापखाना उभारावा, हे धाडस निराळे होते.

या छपाईचे तंत्र ध्यानी घेतले पाहिजे. प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र दगड लागे. मूळ चित्रातील रंगछटा कुशल कारागीर वेगवेगळ्या करी आणि त्या हाताने दगडांवर उतरवी. मग एकाच कागदावर एकामागून एक रंग चढत. म्हणजे प्रत ही दुसऱ्या हाताने केलेले मूळ चित्राचे वाचन असे. तो हात चांगला असला तर प्रत चांगली उतरे.

या प्रतींनी जे केले ते राजवाड्यातील मूळ चित्रांना साधले नसते. कमळावर उभी लक्ष्मी आणि वीणाधारिणी सरस्वती यांची साडी नेसलेली रूपे घरोघरी रूढ झाली. आपल्या लष्कर भागातील जुन्या मराठी घरांच्या देवघरांत अशा तसबिरी आपल्यापैकी अनेकांनी पाहिल्या असतील. ज्यांना देवळाचा गाभारा बंद होता, त्यांनाही देवाचे रूप थोड्या पैशांत घरी आणता आले.

व्यवहारात मात्र हा उद्योग जड गेला. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. पुढे छापखाना लोणावळ्याजवळ मळवली येथे हलविला गेला. कर्ज वाढत गेले आणि १९०१ च्या सुमारास छापखाना व प्रती काढण्याचे हक्क तेथील जर्मन तंत्रज्ञ फ्रिट्झ श्लायशर यांच्याकडे गेले. त्यानंतर चित्रे जाहिरातींसाठीही वापरली गेली. १९०६ साली रविवर्मा निवर्तले. पुढच्याच पिढीतील टीकाकारांनी त्यांची कला नाटकी व बाजारी ठरविली. या निवाड्यामागे स्वस्त प्रतींचा सुळसुळाटही होता, असे मला वाटते.

मग निर्णय चुकला काय? माझ्या मते प्रती काढण्याचा निर्णय योग्य होता. हानी झाली ती प्रतींवरचा ताबा सुटल्यामुळे. मूळ चित्रांचे मोलही प्रतींनी उणावले नाही. १९७९ साली रविवर्मांच्या कृतींना राष्ट्रीय कलानिधीचा दर्जा मिळाला. ग्वाल्हेरच्या श्रोत्यांना हे संगीतावरून सहज पटेल. भातखंड्यांनी चिजा स्वरलिपीत छापल्या, १९१८ साली येथे माधव संगीत विद्यालय निघाले; त्यामुळे गुरुमुखातून मिळणाऱ्या गायकीची थोरवी कमी झाली नाही, उलट तिची ओढ वाढली.

म्हणून तरुण चित्रकाराने प्रती अवश्य काढाव्यात. पण किती काढायच्या हे आधी ठरवावे, प्रत्येक प्रत स्वतः तपासावी आणि ती प्रत आहे हे ग्राहकाला स्पष्ट सांगावे. १९५७ च्या कायद्यानुसार स्वेच्छेने काढलेले चित्र विकले, तरी प्रती काढण्याचा हक्क लेखी दिल्यावाचून चित्रकाराकडून जात नाही. मोबदला घेऊन दुसऱ्याच्या सांगण्यावरून काढलेल्या चित्राचा नियम वेगळा असतो. तेथे करार आधी करावा. अडचणीच्या दिवसांत हक्क विकण्याचा मोह होतो आणि नेमका तेव्हाच तो आवरावा लागतो. चित्र घराबाहेर जाते, ते जावेच. त्याच्या प्रतींवरचा आपला हात मात्र आपण काढून घेऊ नये.