चुकलेली टिकटिक

जुन्या पद्मिनीचा किंवा ॲम्बॅसडरचा विषय निघाला की एक गोष्ट हमखास सांगितली जाते. त्या काळी मालक स्वतःच बॉनेट उघडायचा, पॉइंट घासायचा, इंडिकेटर लागेनासा झाला तर स्क्रू-ड्रायव्हर घेऊन मागच्या दिव्याची काच काढायचा. कारणही लगेच दिले जाते, ते म्हणजे टंचाई. नव्या गाडीसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून बसावे लागे, म्हणून माणसे हातातली गाडी कशीबशी चालती ठेवत. यात तथ्य आहे. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने ठरवले की ज्यांना देशात गाडी बनवायची नाही त्यांनी नुसती जुळणीही करू नये. मुंबईत शिवडीला १९२८ पासून गाड्या जोडणारी जनरल मोटर्स त्यानंतर निघून गेली, फोर्डही गेली. मोटारींच्या बाजारात मुख्यतः तीनच नावे उरली : बंगालमधली हिंदुस्थान मोटर्स, वालचंद हिराचंदांनी उभारलेली कुर्ल्याची प्रीमियर आणि मद्रासची स्टँडर्ड. तरीही टंचाईने सगळा उलगडा होत नाही. टंचाई माणसाला दुरुस्तीपाशी आणून बसवते, पण दुरुस्ती जमवून देत नाही. त्याच टंचाईत घरातला रेडिओ बिघडला तर तो दुकानातच जाई. इंडिकेटर मात्र आवारात उभ्या गाडीवर, घरच्या माणसाच्या हातून दुरुस्त होई. हा फरक माणसांच्या चिकाटीतून आलेला नाही, तो यंत्रणेच्या घडणीतून आला आहे. जुना इंडिकेटर बिघडला की बिघाड कुठे शोधायचा ते स्वतःच सांगत असे, असे माझे म्हणणे आहे. ते पटवायचे तर थोडे मागे जावे लागेल.

विजेचा इंडिकेटर येण्याआधी इशारा हाताने दिला जाई. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून सगळे इशारे उजव्या हाताचे. उजवीकडे वळायचे तर हात आडवा बाहेर काढायचा, डावीकडे वळायचे तर तोच हात बाहेर काढून घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचा. हाताचा इशारा खात्रीचा, कारण तो दिला की नाही हे देणाऱ्याला ठाऊक असते. पण रात्री तो दिसत नाही, आणि जुलैच्या पावसात काच खाली करून हात बाहेर काढायला कोणी धजावत नाही. युरोपात यावर जो तोडगा निघाला त्याने हाताचीच नक्कल केली. दोन दारांमधल्या खांबात दडवलेला, पोटात छोटा बल्ब असलेला एक दांडा विद्युतचुंबकाने आडवा उचलला जाई. जर्मनीच्या बॉशने असा दांडा १९२८ मध्ये विकायला काढला. ब्रिटनमध्ये तो ट्रॅफिकेटर म्हणून रुळला आणि मॉरिस मायनरला तर थेट १९६१ पर्यंत होता. पण हा दांडा अडकायचा, आणि अडकला आहे हे चालकाला मान वळवून खांद्यामागे पाहिल्याशिवाय कळत नसे. इशारा दिला अशा समजुतीने माणूस गाडी वळवायचा आणि दांडा खांबातच असायचा. इशाऱ्याच्या कुठल्याही साधनाची सर्वांत धोक्याची अवस्था हीच, कारण साधन बंद असते आणि ज्याच्या हातात ते आहे त्यालाच पत्ता नसतो. अमेरिकेत ब्यूकने १९३९ च्या मॉडेलला मागच्या बाजूला लुकलुकणारे दिवे बसवून दिले, आणि पुढच्या वीसेक वर्षांत दांड्याची जागा सगळीकडे दिव्याने घेतली.

दिवा लुकलुकायचा तर करंट कोणीतरी तोडत आणि जोडत राहिले पाहिजे. हे काम करणारी अंगठ्याएवढी पत्र्याची डबी म्हणजे फ्लॅशर. तिच्या आत इलेक्ट्रॉनिक असे काहीच नव्हते. धातूची एक पातळ पट्टी किंवा ताणलेली तार असे, करंट गेला की ती तापे आणि प्रसरण पावे, त्या हालचालीने पॉइंट सुटे आणि दिवा विझे. करंट थांबला की पट्टी निवे, आकसे, पॉइंट पुन्हा टेकत आणि दिवा लागे. पॉइंट टेकण्या-सुटण्याचा आवाज तीच टिकटिक. आता या डबीची खरी खुबी पाहा. ती ठरावीक भारासाठीच जुळवलेली असे. पुढचा एक आणि मागचा एक असे २१ वॅटचे दोन बल्ब १२ व्होल्टवर मिळून साडेतीन अँपिअर करंट ओढतात, आणि पट्टी किती वेगाने तापावी याचा सगळा हिशेब त्या आकड्यावर बेतलेला. दोनांतला एक बल्ब उडाला की करंट निम्म्यावर येतो आणि पट्टीचे गणित फिसकटते. पुढे काय होते ते डबीच्या बनावटीवर अवलंबून असे. कुठे उरलेला बल्ब न लुकलुकता नुसता पेटून राही, कुठे लय बदले, कुठे डॅशबोर्डवरचा छोटा दिवा लागतच नसे. म्हणजे गाडीच्या पाठीमागे, चालकाला कधीच न दिसणाऱ्या जागी गेलेला बल्ब त्याला पुढे बसल्या जागी कळत असे. ट्रॅफिकेटरची जी सर्वांत मोठी उणीव होती ती एका तापणाऱ्या पट्टीने भरून काढली, तीही त्या कामासाठी वेगळा भाग न जोडता.

एकदा बिघाडाची वार्ता लागली की त्याचा माग काढणेही सोपे होते, कारण यंत्रणा मुळात दुहेरी होती. डावी बाजू चालत नाही आणि उजवी ठीक चालते, तर फ्यूज आणि फ्लॅशर दोन्ही शाबूत आहेत हे बॉनेट न उघडताच सिद्ध झाले, कारण दोन्ही बाजूंना करंट तिथूनच जातो. मग शोध फक्त डावीकडच्या बल्बचा, होल्डरचा आणि वायरचा. दोन्ही बाजू बंद असतील तर उलटे. लुकास या विद्युत भागांच्या कंपनीच्या पद्धतीच्या वायरिंगमध्ये इंडिकेटर, ब्रेकचा दिवा आणि पेट्रोलचा काटा इग्निशनवर चालणाऱ्या एकाच फ्यूजवर असत, म्हणून काटाही पडला असेल तर संशय फ्यूजवर जाई. काटा चालू असेल तर फ्लॅशरच्या करंट येण्याच्या आणि जाण्याच्या पिना वायरच्या तुकड्याने जोडून बघायच्या. दिवे न लुकलुकता पेटले की फ्लॅशर गेला. वायरींनाही ओळख होती. याच पद्धतीत हिरव्यावर लाल रेघ म्हणजे डावा इंडिकेटर, हिरव्यावर पांढरी म्हणजे उजवा, काळी म्हणजे अर्थ. आणि आपल्या हवेत सर्वांत जास्त सतावणारा प्रकार याच अर्थचा. त्या गाड्यांत करंट परत जायचा तो गाडीच्या पत्र्यातूनच. मागच्या दिव्याच्या होल्डरखाली पावसाचे पाणी मुरले, गंज धरला की परतीची वाट अडते आणि करंट शेजारच्या बल्बमधून वाट काढतो. मग इंडिकेटर दिला की पार्किंगचा दिवा मिणमिणतो, ब्रेक दाबला की इंडिकेटर अंधूक पेटतो. नवख्याला हे भुताटकीसारखे वाटते, पण त्याचे निदान एकच असते आणि उपायही एकच. होल्डर काढायचा, टेकण्याची जागा पॉलिश पेपरने चकचकीत करायची, स्क्रू आवळायचा. कोकणपट्टीत गाडी ठेवणाऱ्याला पावसाळा संपताच हे करावेच लागे.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. ती यंत्रणा बिघडायचीच इतकी, की दुरुस्ती येण्यावाचून गत्यंतर नव्हते. आजचा इंडिकेटर दहा वर्षे हातही न लावता चालतो, मग जुन्याचे कौतुक कशाला? बिघाड जास्त व्हायचे हे मला मान्य आहे. उघडे पॉइंट, पितळी होल्डर, पत्र्यातून जाणारा अर्थ ही सगळी गंजाला दिलेली आमंत्रणेच होती. पण वारंवार बिघडणे आणि बिघाड वाचता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ट्रॅफिकेटरही वारंवार अडकायचा, तरी तो चालकाला काही सांगत नसे. शिवाय वाचता येण्याचा फायदा गाडीच्या म्हातारपणी कळतो. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदली गेली, आणि टॅक्सीसाठी घातलेली वीस वर्षांची मर्यादा गाठूनच ती २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. वीस पावसाळे, दिवसभर वळणावळणाचा धंदा आणि कारखाना तर टॅक्सीची नोंद होण्याआधीच थंडावलेला. असे वाहन मूळ कंपनीच्या भरवशावर चालत नाही. ते चालले ते चोरबाजारात किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळणाऱ्या भागांवर, आणि कोणता भाग आणायचा हे चालकाला सांगणाऱ्या त्या यंत्रणेवर.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. घरगुती दुरुस्तीने नुकसानही केले. उडालेल्या फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणे, जाड तार अडकवणे हे सर्रास चाले, आणि त्यातून वायरी जळाल्या. १२ व्होल्टचा झटका बसत नाही, पण त्याच बॅटरीने शॉर्ट झालेली वायर लाल होते. हा दोष खरा आहे आणि त्याची पाठराखण करता येणार नाही. मात्र चांदी गुंडाळणारा माणूस बिघाड न वाचता फक्त त्याची खूण पुसत होता. फ्यूज उडणे हेही यंत्रणेचे सांगणेच होते, आणि ते ऐकण्याचे शिक्षण कुठल्याही ड्रायव्हिंग स्कूलने दिले नाही. कायद्याचीही गती मंद होती. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १२१ उजव्या स्टिअरिंगच्या गाडीला हाताच्या जागी यांत्रिक किंवा विजेचे साधन वापरायची मुभा देते, म्हणजे तिथे हात हाच मूळ इशारा धरलेला आहे. पुढच्याच वर्षीच्या केंद्रीय नियमांत, १०२ क्रमांकाच्या नियमाने पिवळसर नारिंगी दिवा आणि मिनिटाला ६० ते १२० लुकलुकी हे माप घालून दिले. एव्हाना रस्त्यावर मारुती येऊन जवळजवळ सहा वर्षे झाली होती.

माझ्या म्हणण्याचा सर्वांत भक्कम पुरावा मात्र जुन्या गाड्यांत नाही, नव्या गाड्यांच्या नियमांत आहे. गाडीवरच्या दिव्यांच्या मांडणीसाठी संयुक्त राष्ट्रांचा ४८ क्रमांकाचा नियम आहे. इंडिकेटर बिघडला तर चालकासमोरचा दिवा काय करील याचे तीन पर्याय तो देतो. दिवा विझावा, न लुकलुकता पेटून राहावा, किंवा त्याची लय ठळकपणे बदलावी. तापणाऱ्या पट्टीच्या डब्या बल्ब उडाल्यावर हीच तीन रूपे दाखवत असत. पट्टीचा जो स्वभाव होता तो नियमाने कर्तव्य करून टाकला. आजच्या गाडीत पट्टी नाही. संगणक बल्बचा करंट मोजतो, कमी भरला तर मुद्दाम लुकलुक जलद करतो, आणि अनेक गाड्यांत टिकटिकीचा आवाजही स्पीकरमधून काढला जातो. ज्यांनी यंत्रणा आमूलाग्र बदलली त्यांनाही तिचे बोलणे टाकून देता आले नाही.

टाकून दिले गेले ते त्या बोलण्याचे उत्तर. याच नियमात आणखी एक अट आहे, की बल्ब कोणा जाणकाराच्या मदतीविना आणि गाडीबरोबर मिळालेल्या अवजारांखेरीज खास हत्यार न वापरता बदलता आला पाहिजे. पण जिथे प्रकाशाचा उगम दिव्यातच कायमचा बसवलेला आहे, तिथे ही अट लागू नाही. एलईडीच्या बहुतेक दिव्यांनी हीच पळवाट धरली. त्यामुळे आज लय बिघडली तर मालकाला बिघाड समजतो आणि तो तिथेच थांबतो, कारण पुढची पायरी अख्खा दिवा बदलण्याची. जुन्या गाडीत एलईडी बल्ब घालणाऱ्यांचीही अडचण याच जातीची. चार-दोन वॅटच्या भाराने पट्टी तापतच नाही, म्हणून इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर घालावा लागतो किंवा समांतर रेझिस्टर जोडून नुसती उष्णता जाळावी लागते. एलईडी जास्त टिकतो आणि पटकन पेटतो हे त्याचे मोठेपण मी नाकारत नाही. पण टिकाऊपणाच्या नावाखाली अटीतून सूट देण्याचे कारण मला पटत नाही. दिव्याच्या आतली एलईडीची पट्टी सुटी काढता येईल अशी बनवणे अशक्य नाही, आणि ज्या नियमाने पट्टीची टिकटिक जपली त्याने ती सूटही काढून घ्यायला हवी.