रात्रीचा पाहुणा आणि शहराची गाडी

श्रोतेहो, इंदूरहून, हैदराबादेहून, बेळगावहून किंवा बडोद्याहून मुंबईस निघालेल्या माणसाला घरातील वडीलधारी मंडळी पिढ्यान्‌पिढ्या एकच गोष्ट बजावीत आली आहेत : "रात्री-अपरात्री उतरू नकोस; उतरलास तर उजाडेपर्यंत स्टेशनातच थांब." या उपदेशामागे केवळ भीती नाही, अनुभव आहे. दिवसा परक्या माणसाला शहर वाट सांगते. रात्री तेच शहर त्याच्याशी बोलेनासे होते. दुकाने मिटतात, रहदारी ओसरते, आणि हातात वळकटी किंवा पेटी घेतलेला पाहुणा कोणाच्याही नजरेत पाहुणा म्हणून भरतो. अशा माणसाला सुखरूप मुक्कामी पोहोचविण्याची विद्या शहरे कशी शिकली, हा इतिहास पाहण्यासारखा आहे. तो मुंबईच्या संदर्भात पाहू. कारण आपणांपैकी बहुतेकांचा मोठ्या शहराशी पहिला परिचय तेथेच झाला.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून ठाण्यास पहिली आगगाडी गेली. अंतर अवघे एकवीस मैल, आणि वेळ भर दुपारची. रात्रीचा प्रश्न त्या दिवशी कोणाच्या मनात नसणार. परंतु लोहमार्ग जसजसा घाट चढून देशावर पसरला, तसतसे लांबच्या गाड्यांतून उतरणारे अनोळखी लोक मुंबईत सर्व वेळी येऊ लागले. त्या काळची मुंबई कशी होती, हे ज्यांनी मराठीत प्रथम सविस्तर लिहिले, ते गोविंद नारायण माडगावकर मूळचे गोव्याचे. त्यांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ साली प्रसिद्ध झाले. बाहेरून आलेल्या माणसानेच शहर डोळसपणे पाहावे, हे स्वाभाविकच होते. तथापि त्यांनी वर्णिलेल्या शहरात ट्राम नव्हती आणि रस्त्यावर गॅसचे दिवेही लागले नव्हते.

रात्रीच्या प्रवाशाचा पहिला सोबती म्हणजे दिवा. ऑक्टोबर १८६५ मध्ये मुंबईचे रस्ते प्रथम गॅसच्या दिव्यांनी उजळले. संध्याकाळी खांबाखांबाशी थांबून दिवे लावीत जाणारा माणूस हा पुढे कित्येक वर्षे शहराच्या रात्रीचा अग्रदूत ठरला. उजेडाने चोर नाहीसे होत नाहीत. पण उजेडात माणूस दिसतो, आणि जो दिसतो त्याची कोणीतरी दखल घेते. म्हणून आजही परगावच्या माणसाने गाडीची वाट पाहावी ती उजेडात, तिकीटघराजवळ किंवा चार माणसे उभी असतील तेथे. फलाटाच्या अंधाऱ्या टोकाला मोकळे बाक असते खरे, परंतु ते मोकळे का आहे याचा विचार करावा.

दुसरा सोबती म्हणजे क्रमांक. हे थोडे विस्ताराने सांगावयास हवे. आगगाडीतून उतरलेला प्रवासी पूर्वी भाड्याच्या घोडागाडीवर अवलंबून असे. गाडीवान अनोळखी, रस्ता अनोळखी आणि भाडे तोंडाला येईल ते. १८६३ च्या कायद्याने मुंबईतील भाड्याच्या गाड्यांना परवान्याच्या बंधनात आणले. वरवर पाहता ही कचेरीतली कागदपत्रांची बाब वाटेल. परंतु तिचा अर्थ खोल आहे. ज्या गाडीला क्रमांक आहे आणि ज्या गाडीवानाला बिल्ला आहे, तो प्रवाशाला अनोळखी असला तरी शहराला अनोळखी नाही. त्याने दगा दिला तर त्याला शोधता येते, आणि शोधता येते हे तोही जाणून असतो. स्टेशनवरील हमालाच्या दंडावरील पितळी बिल्ला, कंडक्टरच्या छातीवरील बिल्ला आणि टॅक्सीच्या दारावरील अक्षरे ही सारी याच तत्त्वाची रूपे होत.

९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीपर्यंत एक मार्ग, आणि बोरीबंदराहून काळबादेवीवरून पायधुणीपर्यंत दुसरा. कुलाबा ते पायधुणी भाडे प्रारंभी तीन आणे होते, ते लवकरच दोन आण्यांवर आले. घोडागाडीच्या मानाने ट्राममध्ये परक्याला तीन गोष्टींचा लाभ झाला. मार्ग रुळांनी ठरलेला. गाडी भलत्याच गल्लीत शिरणार नाही. भाडे ठरलेले, घासाघीस करताना आपले परकेपण उघडे पडत नाही. आणि डबा दोन्ही बाजूंनी उघडा. आत काय चालले आहे हे रस्त्याला दिसते. पुढे १९०५ साली वीज आणि ट्राम यांची एकत्रित कंपनी स्थापन झाली आणि ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावू लागली. जी कंपनी गाडी चालवी तीच वीजही पुरवी. रात्रीच्या प्रवासाच्या दृष्टीने ही जोडी मोठी अर्थपूर्ण होती. १५ जुलै १९२६ पासून बसगाड्याही आल्या, आणि ७ ऑगस्ट १९४७ रोजी हा सारा व्यवहार नगरपालिकेच्या मालकीचा झाला. ३१ मार्च १९६४ च्या रात्री बोरीबंदराहून दादरकडे शेवटची ट्राम गेली, तेव्हा ती पाहण्यास रस्त्याच्या दुतर्फा लोक उभे होते. यंत्रावर एवढी माया कोणी करीत नाही. ती नव्वद वर्षांच्या विश्वासावर होती.

तिसरा सोबती म्हणजे वेळापत्रक. याविषयी मुंबईचा इतिहास काहीसा गमतीचा आहे. १ जानेवारी १९०६ पासून देशासाठी एक प्रमाणवेळ ठरली; रेल्वेने ती आधीच्याच वर्षी स्वीकारली होती. परंतु मुंबई नगरपालिकेने आपली 'मुंबई वेळ' सोडली नाही. ही वेळ प्रमाणवेळेपेक्षा एकोणचाळीस मिनिटांनी मागे असे, आणि ती १९५५ पर्यंत टिकली. म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षे एकाच शहरात दोन वेळा नांदल्या. ज्याला हे ठाऊक नसेल, त्याला शहराच्या घड्याळात गाडीस अवकाश आहे असे वाटावे आणि फलाटावर मात्र गाडी निघून गेलेली असावी, असा हा घोळ. दिवसा गाडी चुकली तर दुसरी मिळते. रात्रीची शेवटची गाडी चुकली तर पाहुणा रस्त्यावर येतो. आज घड्याळे एक झाली, पण सावधगिरीचे कारण उरले आहे. मध्यरात्रीनंतर काही तास लोकलगाड्या थांबतात. म्हणून शेवटच्या गाडीच्या भरवशावर कधी राहू नये. तिच्या आधीची गाडी हीच आपली शेवटची असे मानावे. गाडी धीमी की जलद हेही चढण्यापूर्वी पाहावे. जलद गाडी आपले स्टेशन वगळून पुढे गेली, तर परतीची गाडी रात्री मिळेलच असे नाही.

चौथा सोबती म्हणजे कायदा, विशेषतः स्त्रियांच्या बाबतीत. १८९० च्या रेल्वे कायद्याने प्रत्येक उतारू गाडीत सर्वांत खालच्या वर्गाचा निदान एक कप्पा स्त्रियांसाठी राखून ठेवणे बंधनकारक केले. ही सोय सर्वांत खालच्या वर्गात व्हावी, हे त्या तरतुदीचे मर्म आहे. कारण पैसेवाल्यांना स्वतःची सोय करता येत होती. १९८९ च्या नव्या कायद्यातही स्त्रियांसाठी राखीव जागेची तरतूद कायम राहिली. ५ मे १९९२ रोजी चर्चगेट आणि बोरिवली यांच्या दरम्यान केवळ स्त्रियांसाठी संपूर्ण लोकल धावू लागली. रात्रीच्या वेळी स्त्रियांच्या डब्यात पोलीस ठेवण्याची पद्धतही पुढे आली. परगावच्या भगिनींनी एवढे ध्यानात ठेवावे की, काही डबे दिवसरात्र राखीव असतात आणि काही ठराविक वेळेपुरतेच. दाराजवळची पाटी वाचूनच चढावे. रिकाम्या डब्यापेक्षा माणसे असलेला डबा बरा. एकांत हा दिवसा आराम असतो, रात्री तो आराम राहीलच असे नाही.

येथपर्यंतचा इतिहास हा प्रगतीचा इतिहास वाटेल. परंतु ही सारी व्यवस्था किती पातळ धाग्यावर उभी आहे, हे १६ डिसेंबर २०१२ च्या रात्री दिल्लीत दिसले. एक तरुणी आणि तिचा मित्र चित्रपट पाहून घरी निघाले होते. नेहमीचे वाहन मिळेना, तेव्हा प्रवाशांना हाका मारणाऱ्या एका बसमध्ये ते बसले. त्यांनी भाडेही दिले. ती बस खासगी होती, आणि अशा रीतीने प्रवासी घेण्याचा परवाना तिला नव्हता. पुढे जे घडले त्याने सारा देश हादरला, आणि त्या तरुणीचा २९ डिसेंबरला मृत्यू झाला. तिने काही चूक केली नव्हती. रात्री घरी जाणारा माणूस जे करतो तेच तिने केले. चूक होती ती अशी गाडी राजधानीच्या रस्त्यावर निर्वेध फिरू देणाऱ्या व्यवस्थेची. न्यायमूर्ती वर्मा यांच्या समितीने २३ जानेवारी २०१३ रोजी, म्हणजे अवघ्या महिन्याभरात, आपला अहवाल सादर केला आणि त्यात सार्वजनिक वाहतुकीचाही विचार केला. त्यानंतरच्या वर्षांत बस व टॅक्सी यांसारख्या वाहनांत संकटसमयी दाबावयाची कळ आणि गाडीचे ठिकाण कळविणारे यंत्र बसविण्याचे नियम झाले. १८६३ साली परवान्याचे बंधन ज्या हेतूने आले, त्याच हेतूची ही आजची आवृत्ती आहे. शहराला आपली प्रत्येक गाडी ठाऊक असावी, हाच तो हेतू.

यावरून प्रवाशाने घ्यावयाचा बोध साधा आहे. जी गाडी आपल्याला बोलावते तिच्यात बसू नये. जी ठरलेल्या थांब्यावर, ठरलेली पाटी लावून येते तिच्यातच बसावे. गाडीचा क्रमांक पाहावा, आणि तो घरी किंवा ज्यांच्याकडे जावयाचे त्यांना कळवावा. रिक्षा-टॅक्सीसाठी स्टेशनवरील अधिकृत रांगेतच उभे राहावे. फलाटावर गाठून "स्वस्तात सोडतो" म्हणणाऱ्यास नम्रपणे नकार द्यावा. बसमध्ये चालक-वाहकाच्या दृष्टीपथात बसावे. अडचण आली तर पोलिसांसाठी ११२ आणि रेल्वेत १३९ हे क्रमांक पाठ असावेत.

पाचवा सोबती मात्र कोणत्याही कायद्याने देता येत नाही. तो म्हणजे शेजारचा माणूस. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. लोकल थांबल्या, बसगाड्या पाण्यात अडकल्या, आणि लक्षावधी माणसे रात्रभर अंधारात पाणी तुडवीत चालली. त्यांत परगावची कितीतरी असतील. त्या रात्री ठिकठिकाणी लोकांनी घरांची दारे उघडली, चहा-बिस्किटे दिली, एकमेकांचे हात धरून अनोळखी माणसांना पाण्यातून पार केले.

आणि तीन वर्षांनी, २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री, छत्रपती शिवाजी टर्मिनसच्या लांबच्या गाड्यांच्या दालनात दोघा अतिरेक्यांनी गोळीबार केला. तेथे त्या वेळी सामान उशाशी घेऊन गाडीची वाट पाहत बसलेले बहुतेक लोक प्रवासीच होते. "उजाडेपर्यंत स्टेशनात थांब" हा वडीलधाऱ्यांचा उपदेश पाळणारी ही माणसे. त्या गोंधळात विष्णु झेंडे नावाचे उद्घोषक आपल्या जागेवरून हलले नाहीत. कोणत्या बाजूने बाहेर पडावे, हे ते ध्वनिक्षेपकावरून पुनःपुन्हा सांगत राहिले, आणि त्या आवाजामुळे असंख्य लोक सुखरूप बाहेर पडले. रोज गाड्यांच्या वेळा सांगणारा आवाज एका रात्री प्राणांची वाट सांगू लागला. म्हणून स्टेशनवर कानांत यंत्रे घालून बसू नये. ध्वनिक्षेपकाकडे लक्ष असावे, आणि बाहेर पडण्याचे दोन मार्ग आल्याबरोबर पाहून ठेवावेत.

श्रोतेहो, शहराची थोरवी आपण त्याच्या इमारतींवरून मोजतो. त्याऐवजी एक साधी कसोटी लावून पाहावी. रात्री अकरा वाजता, ज्याला तेथे कोणी ओळखत नाही आणि ज्याच्या खिशात टॅक्सीपुरते पैसे नाहीत, असा माणूस त्या शहराच्या गाडीने निर्धास्तपणे मुक्कामी पोहोचतो काय? दिवा, क्रमांक, वेळापत्रक आणि कायदा हे शहराने द्यावयाचे. सावधगिरी प्रवाशाने बाळगावयाची. पण इंदूर असो, बेळगाव असो की पणजी असो, आपल्या गावीही रात्री कोणीतरी परका उतरत असतो. थांब्यावर गोंधळून उभ्या असलेल्या त्या माणसाला योग्य गाडी दाखविणे आणि ती येईपर्यंत दोन मिनिटे त्याच्याजवळ थांबणे, एवढे तरी आपल्या हाती आहे.