सुंबरान ऐकायला येणाऱ्यांसाठी

ऊस तुटून गेलेल्या रानात संध्याकाळी धनगरांचा वाडा बसतो. वाघर लावून मेंढरं आत घेतली जातात. मेंढरं रात्रभर बसली की रानाला खत मिळतं, म्हणून शेतकरी धान्य नाहीतर रोख पैसे देतो. वारणेच्या काठावर वाढलेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी हे सडकेवरून पाहिलेलं असतं. सडक सोडून वाड्याजवळ जाऊन बसलेले मात्र थोडेच. धनगरी ओवीच्या अभ्यासाकडे वळणाऱ्या प्रत्येकाचं मी मनापासून स्वागत करतो, आणि पहिली विनंती हीच करतो की आधी तिथे जाऊन बसा.

ओवीची सुरुवात सुंबरानानं होते. शब्द 'स्मरणा'वरून आलेला, पण त्याच्यापुढचं क्रियापद पाहा: सुंबरान 'मांडतात'. पूजा मांडावी, डाव मांडावा, तसं. देवाला नुसतं आठवायचं नसतं, त्याला समोर आणून बसवायचं असतं. मुख्य गाणारा ओळ टाकतो, साथीदार ती झेलतात, आणि बराच वेळ गाऊन झालं की तोच प्रसंग गद्यात सांगितला जातो. नवा अभ्यासक हे गद्य पुनरुक्ती समजून गाळतो. माझ्या मते ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. गाण्यातून देव येतो आणि गद्यातून त्याची गोष्ट ऐकणाऱ्याच्या पदरात पडते. एक काढलं तर दुसरं लंगडं होतं.

गोष्टीही केवढ्या मोठ्या! धनगरांचा देव बिरोबा, त्याची आई सुरावंती, बायको कामाबाई, वारुळातून बाहेर पडलेली पहिली मेंढरं. वारूळ म्हणजे नागाचं घर, जमिनीचं पोट. तिथून मेंढरू यावं, या कल्पनेत एका समाजानं आपल्या धनाचा उगम सांगितला आहे.

भाषेबद्दल थोडं थांबून बोलायला हवं. ही मराठीच, पण शाळेतल्या मराठीनं तिच्याकडे फार काळ 'अशुद्ध' म्हणून पाहिलं. वीस मेंढरांची एक खंडी, लोकर लाटून-दाबून केलेलं जेन, मेंढरं कोंडायचं जाळं ती वाघर: हे शब्द कामातून घडले आहेत. त्यात कानडी मिसळलेली. इकडचा बिरोबा तिकडे बिरप्पा होतो. मायाक्का देवीचं चिंचली कर्नाटकातल्या रायबाग तालुक्यात, बिरोबाचं आरेवाडी सांगली जिल्ह्यात, हुलजंती मंगळवेढ्याकडे. १९५६ आणि १९६० साली राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या, पण देवांच्या भेटीगाठी जुन्याच वाटांनी होत राहिल्या. म्हणून या अभ्यासाला येणाऱ्यानं थोडी कानडी शिकावी, असा माझा आग्रह आहे.

आपल्याआधी इथून मोठी माणसं चालून गेली आहेत. हिंदू कायद्याचे जर्मन अभ्यासक गुंथर सोंथायमर धनगरांच्या वाटेला लागले आणि १९७६ साली बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्यावरचा त्यांचा जर्मन ग्रंथ आला. १९९२ साली ते गेले. त्यांनी जमवलेल्या बिरोबा आणि धुळोबा यांच्या ओव्या अॅन फेल्डहाउस यांनी रामदास आतकर आणि राजाराम झगडे यांच्यासह २०१४ साली इंग्रजीत आणल्या. रा. चिं. ढेरे यांनी १९८४च्या 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या ग्रंथात विठ्ठलाचा माग गवळी-धनगरांपर्यंत नेला. वारणेपलीकडच्या बागणीत जन्मलेल्या सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याच्या संकलनाला आयुष्य दिलं.

आपल्याकडे काय आहे ते कळायला जरा दूर पाहू. रशियाच्या वायव्येला, कारेलिया आणि आसपासच्या जंगलांत, तळ्यांकाठी, वेप्स नावाचा छोटा समाज राहतो. 'कालेवाला' हे फिनिश महाकाव्य रचणारा एलियास ल्योनरोत १८४२ साली त्यांच्याकडे गेला होता. १९३०च्या दशकात त्यांना लिपी आणि शाळेची पुस्तकं मिळाली. १९३७ साली ती पुस्तकं नष्ट करण्यात आली. २०१०च्या रशियन जनगणनेत वेप्स सहा हजारांच्या आतच उरले. तरीही नीना झाइत्सेवा या भाषाभ्यासक बाईंनी २०१२ साली वेप्स भाषेत 'विरांतनाझ' हे महाकाव्य लिहून काढलं. मला त्यांच्याविषयी अपार आदर वाटतो, आणि त्याच वेळी आपल्याकडचं भाग्य जाणवतं: इथे महाकाव्य गाणारा माणूस अजून शेकोटीपाशी बसला आहे. पण त्याचा नातू मेंढरांमागे जाईलच असं नाही. चराऊ माळ कमी झाले आहेत आणि लोकरीला भाव उरलेला नाही.

तेव्हा अश्विनात पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेपासून सुरुवात करा. भंडाऱ्यानं सगळं पिवळं होतं, ढोल-कैताळाच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, आणि फरांडेबाबांच्या भाकणुकीसाठी, म्हणजे भविष्यवाणीसाठी, माणसं जीव कानात आणून उभी असतात. तिथे वही काढू नका. तिथे ओळखी होतील, त्या धरून पुढे वाड्यावर जा. ध्वनिमुद्रणाआधी विचारा, गाणाऱ्याचं नाव त्याच्या संमतीनं लिहा, आणि उतरवलेलं पुन्हा त्यालाच वाचून दाखवा. चुकलेली ओळ तो तिथल्या तिथे गाऊन दुरुस्त करील.