फ्रिक मात्रामापक

इलेक्ट्रॉन शलाकेतून किती ऊर्जा शोषली गेली, हे स्वतःतील रासायनिक बदलातून सांगणारे द्रावण. ह्यूगो फ्रिक यांनी ते 1920 च्या दशकात विकसित केले.

काचेच्या कुपीत सौम्य सल्फ्युरिक आम्लात विरघळवलेले फेरस सल्फेट असते. प्रारणाने पाण्याचे रेणू फुटतात आणि त्यांतून निघालेली मूलके फेरस आयनांचे फेरिकमध्ये ऑक्सिडीकरण करतात. फेरिक आयन 304 नॅनोमीटरचा जंबुपार प्रकाश शोषतात; त्या शोषणावरून मात्रा ग्रे एककात काढतात. पद्धत देखणी, पण भारी सोवळ्याची. पाण्यातला किंचित सेंद्रिय मळही आकडा फुगवतो, म्हणून ते पुन्हापुन्हा ऊर्ध्वपातित करतात, वर चिमूटभर मीठही घालतात.

सुमारे 400 ग्रेपलीकडे द्रावणातला ऑक्सिजन संपत येतो आणि मापन विश्वासार्ह राहत नाही. पण प्रारणाने वैद्यकीय साधनांच्या निर्जंतुकीकरणाला साधारण 25 किलोग्रे लागतात. तिथे सेरिक-सेरस द्रावण किंवा अ‍ॅलनीन कामी येते.