रोग्याची वाट : डोलीपासून पारदर्शक पेटीपर्यंत

साथीच्या रोगांचा इतिहास सांगताना लशी, रुग्णालये आणि कायदे यांची चर्चा पुष्कळ होते. परंतु रोगी आपल्या घराच्या उंबरठ्यापासून रुग्णालयाच्या दारापर्यंत नेला कसा, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आम्हांला तो फार महत्त्वाचा वाटतो. साथीच्या दिवसांत सरकार आणि प्रजा यांची खरी गाठ पडते ती याच वाटेवर. रोग्याला न्यावे तर घरच्यांचा जीव तुटतो, न न्यावे तर शेजाऱ्यांचा जीव धोक्यात येतो. सोलापूरकरांना हा पेच मुद्दाम समजावून सांगायला नको. ज्या घरात माग, चूल आणि अंथरूण एकाच खोलीत असते, तेथे 'रोग्याला वेगळे ठेवा' हा उपदेश व्यर्थ होय. त्याला हलवावेच लागते. मग प्रश्न उरतो तो एवढाच, की हलवावे कसे?

या प्रश्नाशी आपल्या प्रांताची पहिली मोठी झुंज झाली ती प्लेगच्या काळात. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी गाठीचा प्लेग ओळखला. व्यापाराच्या आणि लोहमार्गाच्या वाटेने तो पुढे मुलखात शिरला. आगगाडीने मुंबईशी जोडले गेलेले आणि १८७७ पासून गिरणीचे गाव बनलेले सोलापूरही त्यातून सुटले नाही. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला. घरे तपासणे, आगगाडीचे उतारू उतरवून पाहणे आणि रोग्याला किंवा नुसत्या संशयिताला उचलून नेणे, हे सारे अधिकार सरकारच्या हाती आले.

अधिकार आले, पण विश्वास आला नाही. पुण्यात मार्च १८९७ पासून गोरे सोजीर घराघरांत शिरू लागले. सापडलेला रोगी रुग्णालयात जाई आणि त्याच्या घरची माणसे वेगळ्या छावणीत. पडदा ओढलेल्या डोलीत माणूस घातला की तो दिसेनासा होई. पुढे त्याचे काय झाले हे घरच्यांना कळत नसे. आजारी माणसाला नेण्याची ही तऱ्हा आणि आरोपीला पकडून नेण्याची तऱ्हा यांत लोकांना फरक दिसेना. मुंबईत ऑक्टोबर १८९६ मध्येच गिरणी-कामगारांचा मोठा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला होता. ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्यात, मुसलमान विणकरांच्या वस्तीत, एका आजारी मुलीला तिच्या घरातून हलविण्यावरून दंगल पेटली. गोळीबार झाला, माणसे मेली. मुलीला न्यावे की नाही हा वैद्यकाचा प्रश्न होता. तो रस्त्यावर आला, कारण नेणारे कोण आणि कोठे नेणार, याची घरच्यांना धास्ती होती.

त्याच वर्षांत दुसरीही एक तऱ्हा पाहावयास मिळते. पुण्याजवळ ससाणे मळ्यात डॉ. यशवंतराव फुले यांनी प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतःच्या पाठीवर घेऊन तेथे पोहोचविले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्यांना स्वतःला प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. येथे ना डोली, ना पडदा, ना शिपाई. विश्वास संपूर्ण होता. संरक्षण मात्र मुळीच नव्हते. एकीकडे सक्तीची डोली आणि दुसरीकडे माउलीची पाठ, अशी ही दोन टोके होत. मधली वाट त्या काळाला सापडली ती थोडीशीच : ज्ञातीज्ञातींच्या आणि समाजांच्या स्वतंत्र रुग्णालयांना परवानगी मिळाली, पुण्यात हिंदू प्लेग रुग्णालय निघाले आणि त्यात लोकमान्य टिळकांनी पुढाकार घेतला. आपल्या माणसांच्या हाती रोगी सोपवायला लोक तितके भीत नव्हते.

आणखी एक गोष्ट त्या वेळी कोणाला नीट ठाऊक नव्हती. गाठीचा प्लेग मुख्यतः माणसाकडून माणसाकडे जात नाही. तो उंदरावरील पिसवांच्या चाव्यातून येतो. हे सीमाँ या फ्रेंच डॉक्टराने १८९८ साली कराचीत प्रयोगाने दाखविले आणि १९०५ नंतर प्लेग संशोधन मंडळाच्या मुंबईतील कामाने ते पक्के झाले. फुप्फुसाचा प्लेग मात्र श्वासावाटे पसरतो, तो भाग निराळा. म्हणजे ज्या वाहतुकीसाठी एवढा रोष ओढवून घेतला, तिच्यापासून होणारा लाभ समजुतीपेक्षा कमी होता. आणि 'उंदीर पडू लागले की गाव सोडा' ही आपल्या आजीआजोबांची माळावर झोपडी बांधून राहण्याची रीत शास्त्राच्या अधिक जवळ होती. रोग कोणत्या वाटेने पसरतो हे आधी कळले पाहिजे, मग रोग्याची वाट ठरविता येते.

हवेतून पसरणाऱ्या रोगांसाठी मात्र बंद पेटी खरोखरच उपयोगी पडते. तिची कल्पना सोपी आहे. पंख्याने पेटीतील हवा सतत बाहेर ओढायची आणि अतिसूक्ष्म गाळणीतून गाळूनच सोडायची. त्यामुळे आतील दाब बाहेरच्यापेक्षा कमी राहतो. कोठे फट राहिलीच तर बाहेरची हवा आत जाते, आतली बाहेर येत नाही. भिंतीत बसविलेल्या हातमोज्यांतून परिचारिका रोग्याची शुश्रूषा करू शकते. अमेरिकेत ट्रेक्सलर यांनी जंतुरहित प्राणी पाळण्यासाठी प्लॅस्टिकची बंद दालने १९५० नंतरच्या दशकात तयार केली. पुढे इंग्लंडमध्ये १९७० नंतर लासा तापासारख्या भयंकर रोगांच्या रुग्णांसाठी त्यांचाच उपयोग झाला. १९६९ मध्ये चंद्रावरून परतलेल्या तिघा वीरांनाही प्रथम अशाच एका बंद घरात ठेवून नेले होते. ऑगस्ट २०१४ मध्ये इबोला झालेल्या एका अमेरिकन डॉक्टराला लायबेरियाहून अटलांटाला आणले, ते विमानात उभारलेल्या प्लॅस्टिकच्या तंबूत.

आपल्या देशाला ही निकड भासली २०२० साली, कोरोनाच्या साथीत. १३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्र शासनाने तोच १८९७ चा कायदा पुन्हा लागू केला. या वेळी साधन मात्र नवे होते. डोंगराळ आणि दूरच्या ठिकाणांहून रुग्ण विमानाने आणण्यासाठी वायुदलाने चंडीगढच्या आपल्या दुरुस्ती-आगारात 'अर्पित' नावाची पेटी बनविली आणि ८ जून २०२० रोजी ती सेवेत आल्याचे जाहीर झाले. परदेशी पेटीला साठ लाख रुपयांपर्यंत खर्च येई. ही साठ हजारांत झाली. नौदलानेही कोचीला आपली निराळी पेटी तयार केली होती.

किमतीचे कौतुक आम्हांला आहेच; पण त्याहून मोलाची गोष्ट आम्हांला वेगळी वाटते. 'अर्पित'च्या भिंती मुद्दाम पारदर्शक ठेवल्या आहेत. रोगी नेणाऱ्यांना दिसतो आणि त्यालाही नेणारे दिसतात. वैद्याला नजर ठेवता यावी म्हणून केलेली ही सोय आहे. तरी १८९७ च्या डोलीवरचा पडदा त्यामुळे उचलला गेला, असे म्हणायला हरकत नाही. सावित्रीबाईंच्या पाठीवर जी माया होती ती पेटीत भरता येत नाही. परंतु तसे धाडस करणाऱ्याला आता प्राण द्यावा लागू नये, एवढी सोय शास्त्राने केली आहे.

उरलेला भाग आपल्याकडे आहे. कोरोनाच्या दिवसांत गल्लीत रुग्णवाहिका आली की आपण खिडक्या लावून घेतल्या की त्या घरच्या मुलांच्या जेवणाची चौकशी केली, हे ज्याचे त्याने आठवावे. पुढची साथ येईल तेव्हा पेट्या असतील, गाळण्याही असतील. रोगी कोठे नेला, त्याची प्रकृती कशी आहे आणि घरी केव्हा येईल, हे त्याच्या माणसांना रोज सांगणारा कोणीतरी नगरपालिकेने, वॉर्डाने, तालमीने, मंडळाने आतापासून नेमून ठेवावा. खर्च काहीच नाही, आणि मदनपुऱ्यात त्या दिवशी नेमका तोच नव्हता.