रात्रपाळीचा इतिहास

१८९१ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात काशीबाई गणपत नावाची एक स्त्री नर्सिंग शिकायला दाखल झाली. रीतसर प्रशिक्षणाला आलेली पहिली भारतीय परिचारिका म्हणून आज तिचे नाव पाठ्यपुस्तकांत घेतले जाते. हे पाऊल केवढे मोठे होते, ते कळायला त्या काळातली बाळंतिणीची खोली आठवावी. दहा दिवस विटाळ. सुईण मध्यरात्री बोलावून आणायची, तिच्या हाताने मूल घ्यायचे, नाळ कापून घ्यायची. पण तिला घरात बरोबरीने बसवून घ्यायचे नाही. आजाऱ्याचे रक्त, मलमूत्र, परक्या पुरुषाचे अंग पुसणे आणि वर रात्रभर घराबाहेर राहणे, हे सगळे जिच्या कामात येते तिला ‘चांगल्या घरातली’ कोण म्हणणार? मुलीला डॉक्टर करायला निघालेली घरे तेव्हा बोटांवर मोजण्याइतकी होती. नर्स करायला निघालेले घर त्याहून दुर्मीळ.

म्हणूनच सुरुवातीच्या काळात हे काम मुख्यतः युरोपियन, अँग्लो-इंडियन आणि ख्रिस्ती स्त्रियांनी सांभाळले. १८८६ साली पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून मुंबईत स्त्रिया आणि मुलांसाठी कामा रुग्णालय उभे राहिले. डॉ. एडिथ पेची यांच्या देखरेखीखाली तिथे बायकांवर बायकांनीच उपचार करायचे, असा शिरस्ता होता. मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांचे मिशनचे रुग्णालय १८९४ मध्ये सुरू झाले. ज्यांना जातीतून आधीच बाहेर काढले होते किंवा ज्या स्वतःहून बाहेर पडल्या होत्या, त्यांच्या खांद्यावर या प्रदेशातल्या आधुनिक शुश्रूषेचा पहिला भार पडला. हे ऋण मराठी समाजाने मोकळेपणाने कधी मान्य केले नाही.

मग प्लेग आला. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईतल्या मांडवीत रोगी सापडले आणि पुढच्या काही महिन्यांत साथ पुण्यात पोहोचली. लोकांना रोगाइतकेच भय इस्पितळाचे होते. रोगी माळ्यावर, कोठीत लपवले जात. इंग्लंडहून परिचारिका बोलवाव्या लागल्या, कारण इथे शिकलेले हात पुरेसे नव्हतेच. त्याच साथीत सावित्रीबाई फुले यांनी मुलगा डॉ. यशवंत यांच्या पुण्याबाहेरच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा केली. एका आजारी मुलाला तिथवर पोहोचवताना त्यांना स्वतःला लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. त्यांच्याकडे नर्सिंगचे प्रमाणपत्र नव्हते. पण ज्या पेशाला समाज नाक मुरडत होता, त्याचे मोल त्यांनी प्राण देऊन दाखवले.

विचार बदलायला मात्र आणखी दहा-बारा वर्षे लागली. १९०८ साली बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत स्त्रियांसाठी सेवासदन ही संस्था काढली. हे दोघे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना परके नव्हते. गिडुमल यांनी लिहिलेल्या मलबारींच्या चरित्राला नाइटिंगेल यांनी प्रस्तावना लिहिली होती. पुढच्याच वर्षी पुण्यात रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी सेवासदन सुरू केले, आणि खरी कोंडी फुटली ती इथे. तरुण विधवांना नर्सिंग शिकायला ससून रुग्णालयात पाठवायचे रमाबाईंनी ठरवले. न्यायमूर्ती रानड्यांची पत्नी, स्वतः विधवा, शहरात मान असलेली बाई जेव्हा दुसऱ्याच्या मुलीची हमी घेते, तेव्हा वाड्यातल्या माणसांना नाही म्हणणे जड जाते. टीका झाली, पण मुली गेल्या. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात आयुष्य काढायचे एवढेच नशिबी असलेल्या बाईच्या हाती पहिल्यांदा स्वतःचा पगार आला. सेवासदनचे हे काम शाळा-वसतिगृहांच्या इतिहासात झाकून जाते. खरे तर ते स्वतंत्र ग्रंथाच्या योग्यतेचे आहे.

कायदा मागाहून आला. मुंबई प्रांतात परिचारिकांच्या नोंदणीचा कायदा १९३५ चा, देशपातळीवरचा इंडियन नर्सिंग कौन्सिल कायदा १९४७ चा. नोंदणी म्हणजे नुसता कागद नव्हे. शिकलेली परिचारिका आणि पांढरा झगा घातलेली कोणीही यांत फरक करणारी ती रेघ होती. आरोग्यसेवांचा आढावा घेणाऱ्या भोर समितीच्या १९४६ च्या अहवालाप्रमाणे देशात सुमारे सात हजार परिचारिका होत्या, म्हणजे ४३ हजार लोकांमागे एक. स्वातंत्र्यानंतर मुंबईची रुग्णालये भरली ती कोकण-देशावरच्या मुलींनी आणि केरळातून आलेल्या, वॉर्डात मराठी शिकलेल्या मुलींनी. १९६४ मध्ये एसएनडीटीचे लीलाबाई ठाकरसी नर्सिंग महाविद्यालय निघाले आणि परिचारिकेला पदवीची वाट मोकळी झाली.

या इतिहासातले सर्वांत कठीण पान परळच्या केईएम रुग्णालयाचे आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथली परिचारिका अरुणा शानबाग हिच्यावर काम संपवून कपडे बदलताना तळघरात हल्ला झाला. हल्लेखोर त्याच रुग्णालयातला सफाई कामगार होता. मेंदूला इजा झाली आणि ती पुन्हा उठली नाही. मुंबईतल्या परिचारिका सुरक्षिततेसाठी संपावर गेल्या. हल्लेखोराला शिक्षा झाली ती चोरी आणि खुनाच्या प्रयत्नाची, सात वर्षांची.

चौथ्या वॉर्डाशेजारच्या खोलीत अरुणा जवळजवळ ४२ वर्षे होती. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. पाठ पुसून कोरडी ठेवावी लागते, चादरीला चुणी पडू द्यायची नसते, घास मऊ करून भरवावा लागतो. एक पाळी चुकली तरी कातडी लाल होते, मग फुटते. तिच्याबरोबर काम केलेल्या निवृत्त झाल्या, तिला कधी चालताना न पाहिलेल्या मुली नोकरीला लागल्या, पण ही पाळी चुकली नाही. इतक्या वर्षांत तिला शय्याव्रण झाले नाही, याची नोंद सर्वोच्च न्यायालयासमोर आली. ऐंशीच्या दशकात महापालिकेने तिला हलवायचा प्रयत्न केला तेव्हा परिचारिका आडव्या आल्या. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने दयामरणाची याचिका फेटाळली आणि तिच्या वतीने बोलण्याचा हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. रक्ताच्या नात्यापलीकडचे हे नाते त्यांनी चार दशकांच्या कामाने मिळवलेले होते.

कामा रुग्णालयही पुन्हा या इतिहासात येते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री तिथल्या परिचारिका अंजली कुलथे यांच्या वॉर्डात वीस गरोदर बायका होत्या. दोन दहशतवादी आवारात शिरून पहारेकऱ्यांना गोळ्या घालताना त्यांनी खिडकीतून पाहिले. त्यांनी दारे लावली, दिवे घालवले, सगळ्यांना पँट्रीत नेले. एकीला कळा सुरू झाल्या. तिला भिंतीच्या कडेकडेने जिन्याने वर प्रसूतिगृहात पोहोचवले. पुढे त्यांनी त्या दोन दहशतवाद्यांपैकी कसाबला ओळखून साक्षही दिली. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे ती रात्र सांगितली.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात राज्यातल्या सरकारी परिचारिका संपावर होत्या. खासगी कंपन्यांमार्फत कंत्राटी भरती नको, ही त्यांची मुख्य मागणी होती. खासगी रुग्णालयांतली स्थिती आणखी बिकट. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून नेमलेल्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही परिचारिकेला किमान २० हजार रुपये पगार असावा, दोनशेहून अधिक खाटा असतील तर सरकारी वेतनाइतका, अशी शिफारस केली. अंमलबजावणी राज्यांवर सोडली गेली. नर्सिंग कौन्सिलच्या निकषाने शिकवणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि इतरत्र पाचांमागे एक परिचारिका हवी. प्रत्यक्षात सरकारी रुग्णालयात रात्री कित्येकदा अख्खा वॉर्ड एका अधिपरिचारिकेच्या भरवशावर असतो. सलाईन बदलायचे, ताप मोजायचा, नव्या रोग्याची नोंद करायची, चिडलेल्या नातेवाइकाला समजवायचे, आणि मधल्या वेळात सकाळच्या पाळीला द्यायचा अहवाल लिहायचा. बारा मेच्या परिचारिका दिनाला गुलाबाची फुले वाटली जातात. संघटनांच्या निवेदनांत मात्र रिक्त पदे कायमस्वरूपी भरा, ही मागणी वर्षानुवर्षे कायम आहे.