आधी आरसी बुक, मग प्लग

जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी झाला. त्याआधी जालना तालुका औरंगाबाद जिल्ह्यात होता, आणि एमएच-२१ ही नोंदणीखूण तर १९८९च्या नव्या पद्धतीतली. म्हणजे १९७८ची प्रीमियर पद्मिनी आज जालन्यातल्या एखाद्या गॅरेजात उभी असेल, तर तिची पहिली नोंद या जिल्ह्यातली असणं शक्य नाही. ती कुठून तरी आली, हातोहात फिरली, मध्ये बरंच काही बदललं. इंजिन नव्यानं बांधल्यावर अशी गाडी सेल्फ मारूनही सुरू होत नाही, तेव्हा मिस्त्री प्लग काढायला घेतो. मी आधी आरसी बुक मागेन.

पद्मिनीचं कूळ कागदोपत्री स्पष्ट आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, कारखाना कुर्ल्याला. टॅरिफ कमिशनच्या १९५३च्या अहवालानंतर नुसत्या जुळणीवर चालणाऱ्या परदेशी कंपन्यांना इथे थारा उरला नाही, आणि जनरल मोटर्सनं शिवडीचा कारखाना बंद केला. प्रीमियरनं फियाट ११०० हाती घेतली, तीच १९७४ पासून पद्मिनी. सिलिंडरचा व्यास ६८ मिमी, स्ट्रोक ७५ मिमी, सिलिंडर चार. गुणाकार केला की आरसीवरचे १०८९ घन सेंमी मिळतात. व्यास ०.६ मिमीनं वाढवून रिबोअर झालं असेल तर प्रत्यक्षात ११०९ झाले. हा फरक निरुपद्रवी.

निरुपद्रवी नसलेला फरक दुसराच. याच कंपनीच्या ११८ एनई गाडीत १९८५ पासून निसानचं ११७१ घन सेंमीचं इंजिन येत होतं, आणि पुढे कित्येक पद्मिनींच्या बॉनेटखाली तेच गेलं. फायरिंग ऑर्डर दोन्हींची १-३-४-२, त्यामुळे चूक लपून राहते. टायमिंगच्या खुणा आणि पॉइंटमधलं अंतर मात्र पद्मिनीच्या पुस्तकावरून लावलं, तर पुस्तक बरोबर आणि इंजिन भलतंच. म्हणून ब्लॉकवर ठोकलेला नंबर आरसीशी ताडून पाहायचा. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२नुसार असा बदल नोंदवावाच लागतो, तेव्हा नोंद नसणं हाही पुरावाच.

कागद इथे तात्पुरते संपतात आणि लोखंडाची साक्ष सुरू होते. पोथीत मूळ मजकूर कोणता आणि प्रक्षिप्त कोणता हे ठरवताना शेवटच्या लेखनिकावर आधी संशय घ्यावा लागतो, तसंच इथेही. नव्यानं बांधलेल्या इंजिनात दोष बहुधा शेवटचा हात जिथे फिरला तिथे असतो. ब्रॅकेटवर नवा रंग चढवला की अर्थिंग तुटतं. सेल्फ मारताना ब्लॉक आणि बॅटरीचा निगेटिव्ह यांच्यात अर्ध्या व्होल्टहून जास्त फरक दिसला, तर रंग खरवडावा, नवी कॉइल विकत आणू नये. घट्ट इंजिन फिरवताना सेल्फ इतका करंट ओढतो की कमजोर बॅटरीत कॉइलला काही उरत नाही.

डिस्ट्रिब्युटरची चूक सगळ्यांत फसवी. तो क्रँकच्या निम्म्या वेगानं फिरतो, आणि त्याच्या एका फेऱ्यात पहिला पिस्टन दोनदा वर येतो: एकदा दाब घेऊन, एकदा धूर सोडून. दुसऱ्या वेळी जुळवला तर ठिणगी चांगली दिसते, पेट्रोल येतं, आणि इंजिन कार्ब्युरेटरमधून फटाका फोडून गप्प बसतं. पहिला प्लग काढून भोकावर बोट ठेवावं, क्रँक हळू फिरवावा. बोट ढकललं जाईल तीच खरी वेळ. त्या क्षणी रोटरचं तोंड पहिल्या वायरीकडे हवं.

दाबच जाणवला नाही, तर सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा पाहावं. दाब वाढला तर रिंगा अजून बसलेल्या नाहीत, न वाढल्यास व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

पेट्रोलसाठी पुन्हा कागदांकडे: त्यातल्या बदलांची तारीखवार नोंद सरकारी अधिसूचनांत आहे. पद्मिनीचं उत्पादन २०००च्या सुमारास थांबलं. महाराष्ट्रासह नऊ राज्यांत पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली ती जानेवारी २००३ पासून, आणि आता प्रमाण २० टक्क्यांवर आहे. या दोन तारखांवरूनच कळतं की एकही पद्मिनी इथेनॉल गृहीत धरून बनली नाही. पंपाचा जुना रबरी पडदा त्यानं फुगतो, टाकीतला गाळ सुटून जेटमध्ये अडकतो. इथेनॉल उसातूनच येतं, तेव्हा जालन्याच्या ऊसवाल्या अंबड-घनसावंगीच्या पट्ट्यात याबद्दल तक्रार तरी कोणाकडे करणार! कार्ब्युरेटरचा पाइप सोडून सेल्फ मारावा. झटक्याझटक्यानं पेट्रोल आलं नाही, तर नवा पडदा घालावा.

शेवटचा कागद २०२१चा, व्हिंटेज वाहनांच्या नियमाचा. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपात राखलेली गाडीच त्यात बसते. १९७४ची पद्मिनी २०२४ मध्ये वयानं पात्र झाली. बॉनेटखाली ११७१चं इंजिन असेल, तर मात्र ती सुरू झाली तरी त्या यादीत जायची नाही.